पाण्यावरचा बाजार

आम्हा वऱ्हाडकरांचे आणि पाण्याचे कधी फारसे जमले नाही. मी ज्या तालुक्यात जन्मलो त्याचे नाव दर्यापूर. नावात दर्या आहे आणि कानाला तर पूरही ऐकू येतो. पण इतक्या ओल्याचिंब नावाच्या तालुक्यात प्यायला गोडे पाणी मिळणे हा माझ्या लहानपणी भाग्याचा भाग होता. सातपुड्यातून निघून तापीला मिळणाऱ्या आमच्या नदीचे नाव पूर्णा. तिच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून अधिक गावे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर बसलेली आहेत. यालाच सरकारी कागदात खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणावी तर पाणी लागते, पण त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुण्याला चहा द्यावा तर त्याचा चेहरा पाहवत नाही. शहानूर आणि वान या धरणांचे पाणी नळांनी खेड्यांत आले ते बरेच पुढे. त्याआधीचे पाणी माझ्या आईच्या डोक्यावरून यायचे.

हे सारे सांगायचे कारण असे की, गेल्या पौषात अस्मादिक सहकुटुंब, म्हणजे सौ., चिरंजीव आणि आई अशा लवाजम्यासह, थायलंडला जाऊन आलो. आमच्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना हे कळले तेव्हा दोघांनी डोळे मिचकावले. मी म्हटले, "आई बरोबर आहे." तेव्हा त्यांची निराशा झाली.

आईला तयार करणे सोपे नव्हते. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी यात्रा भरते, आणि आईने ती सहसा चुकवलेली नाही. ज्या ऋणमोचनला गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन लोकांसाठी घाट बांधण्याचा खटाटोप मांडला, ते सोडून परदेशी कशाला जायचे, हा तिचा सवाल होता. शेवटी सौ.ने युक्ती केली. "आई, तिकडे बाजार पाण्यावर भरतो म्हणे. होडीत बसून भाजी विकतात." आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंग तराजू कुठं ठेवत असतीन?"

हा प्रश्न सहलीच्या कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. एका बाजारवाल्याच्या बायकोलाच तो सुचावा!

माझे वडील आठवडी बाजार करीत. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सहा दिवस सहा गावांना मिरची, हळद, लसूण आणि जाडे मीठ घेऊन जायचे आणि सातव्या दिवशी पोती शिवायची. आधी बैलबंडी होती, पुढे एस.टी.चा टप आला. हे मी या पानावर कधी लिहिलेले नाही. वर्षानुवर्षे दिवाळी अंकातले हे सदर लिहितो. आजोळच्या आंब्याबद्दल, गुरुजींच्या छडीबद्दल लिहिले, पण मिरचीच्या पोत्याबद्दल लिहायचे राहून गेले. राहून गेले असे म्हणतो, पण ते खरे नाही. त्याकडे येईन.

मराठीच्या मास्तराला थायलंडमध्ये पहिली मौज वाटते ती नावांची. विमान उतरते ते सुवर्णभूमीवर. बाजार पाहायला जायचे ते रातचबुरी जिल्ह्यात, म्हणजे आपल्या राजपुरीत. वाटेत लागतो समुत साखॉन, म्हणजे समुद्रसागर आणि त्याच्या पुढचा समुत सोंगक्राम म्हणजे चक्क समुद्रसंग्राम! मी मोटारीत ही व्युत्पत्ती मोठ्या उत्साहाने समजावून सांगू लागलो तेव्हा चिरंजीव झोपले होते आणि सौ. झोपल्याचे सोंग करीत होती. आई मात्र खिडकीबाहेर पाहत होती. रस्त्याच्या कडेला लांबवर मिठागरे पसरली होती आणि पांढऱ्या ढिगांच्या ओळी उन्हात चमकत होत्या.

"मीठ हाय व्हय थे?" ती म्हणाली. "आपल्या दहीहांड्याले बी काढलं होतं."

आईचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण हे तिला ठाऊक होते. पूर्णेच्या खोऱ्यात पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत, आणि १९३० साली सारा देश समुद्राकडे धावत असताना, समुद्र नसलेल्या आमच्या वऱ्हाडाने अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या विहिरींचे पाणी आटवून मिठाचा सत्याग्रह केला. ज्या पाण्याने जन्मभर छळले, ते वऱ्हाडाच्या एवढ्या एका कामी आले.

ज्या कालव्यावर तो प्रसिद्ध बाजार भरतो त्याचे नाव दामनन सदुआक. अर्थ 'सुलभ प्रवास'. मोंगकुट, म्हणजे चक्री घराण्यातला चौथा राम, याच्या आज्ञेने १८६६ साली तो खणायला घेतला आणि १८६८ साली पुरा झाला. था चीन आणि मे क्लाँग या दोन नद्या जोडणारा हा सुमारे ३२ किलोमीटरचा कालवा. पुढे काठच्या लोकांनी त्याला लहान लहान फाटे काढले, फाट्यांच्या काठी माड, केळी, पपनस आणि भाजीचे मळे लावले, आणि मळ्याच्या दारातच होडी बांधून ठेवली. जिथे घराचे अंगण पाण्याला लागते तिथे बाजारही पाण्यावरच भरायचा. यात गंमत म्हणून काही नव्हते. आमच्याकडे बंडी, त्यांच्याकडे होडी.

त्या सालांनी मला जरा चाळवले. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला आणि बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. म्हणजे सयामचा राजा आपल्या माणसांसाठी कालवा खणत होता त्याच सुमारास इंग्रज आमच्या कापसासाठी रूळ टाकीत होता. दोन्ही वाटांवर बाजार वाढले. तिथला माल बँकॉकला जाई, आमचा मँचेस्टरला.

आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि बाजार गच्च भरला होता, मात्र गिऱ्हाइकांनी. लांब शेपटीच्या मोटारहोड्या कानठळ्या बसवीत चालल्या होत्या. प्रत्येक होडीत आमच्यासारखी सहा-आठ माणसे, प्रत्येकाच्या हातात फोन. दोन्ही काठांना लाकडी हत्ती, लोकरीच्या टोप्या (त्या उकाड्यात!), साबणाची फुले आणि शीतकपाटाला चिकटवायच्या चकत्या. पाण्यातल्या खऱ्या होड्या मोजक्या. त्यांत निळे सदरे घातलेल्या, डोक्यावर ताडपत्रांची टोपली उपडी घातल्यासारखी टोपी असलेल्या बाया शेवयांचा रस्सा आणि आंबा-भात विकत होत्या. एका माणसाने तर सौ.च्या गळ्यात जिवंत अजगर घालून फोटो काढण्याची तयारी दाखवली. सौ.ने जी किंकाळी फोडली ती भाषांतराविना साऱ्यांना समजली.

दोष कोणाला देणार? रस्ते झाले, मोटारी आल्या, तेव्हा भाजी होडीतून नेण्याचे कारणच उरले नाही. बाजार बुडायचा तो पर्यटकांनी तगवला, पण तगवताना तो आपल्या मापाचा करून घेतला. आमच्या अमरावतीच्या इतवाऱ्याला तरी इतवार कुठे उरला आहे? रोजच बाजार असतो; नाव तेवढे राहिले.

आईने तासभर सारे पाहिले आणि निकाल दिला, "हा बाजार नोय बापू, ही जत्रा हाय. बाजारात मानूस मीठ घ्याले येते."

माझा एक जुना विद्यार्थी बँकॉकमध्ये नोकरी करतो. आईचा हा शेरा मी त्याला संध्याकाळी सांगितला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, मग परवा था खाला जाऊ. तो बाजार तिथीवर भरतो."

मला वाटले चेष्टा करतो आहे. चेष्टा नव्हती. दामननपासून फार दूर नसलेला, अंफावाच्या बाजूचा था खाचा बाजार पूर्वीपासून शुक्ल आणि कृष्ण पक्षातल्या दुसऱ्या, सातव्या आणि बाराव्या तिथीला भरत आलेला आहे. आता शनिवार-रविवारीही भरतो, पण जुने लोक तिथीच धरतात. कारण सरळ आहे. समुद्र जवळ असल्यामुळे कालव्यात भरतीचे पाणी चढते आणि उतरते, आणि ते चढायचे-उतरायचे चंद्राच्या हुकमाने. सकाळी होडी चालण्याइतके पाणी ज्या तिथीला असेल त्या तिथीला बाजार. आम्ही वारांवर बाजार बांधला, त्यांनी चंद्रावर.

आईने बोटे मोजली. "उद्या एकादशी. परवा बारस." एवढे म्हणून तिने बाजार आपल्या पंचांगात बसवून टाकला.

एकादशीचा दिवस बिकट गेला. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या टॅपिओकाचा थायलंड हा जगातला मोठा निर्यातदार. पण त्याची खिचडी होते हे तिथे कोणाला ठाऊक नाही. साखरपाण्यातले रंगीत गोळे मिळाले, ते आईने पोराला देऊन टाकले. दिवसभर केळी आणि शहाळे.

द्वादशीला पहाटे निघालो. था खाला पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि मोटारीचा आवाज कुठेच नव्हता. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना माड, आणि वल्ही मारीत हळूहळू जमणाऱ्या पंचवीस-तीस होड्या. बहुतेक बाया साठीच्या पुढच्या. कोणाकडे वांगी, कोणाकडे मिरच्या, लसणाच्या जुड्या, कोणाकडे माडाच्या रसाचा काकवीच्या रंगाचा गूळ. पूर्वी इथे पैशांपेक्षा अदलाबदलच जास्त चाले: बागाईतवाल्यांनी नारळ आणि गूळ द्यायचा, वरच्या अंगाच्या लोकांनी मिरची-कांदा. एक बाई होडीत निखारे पेटवून खाचांच्या तव्यावर नारळाच्या दुधाचे काहीतरी ओतत होती. सौ. ओरडली, "अहो, आप्पे!" आणि ते खरोखरच आप्प्यांचे चुलतभाऊ होते.

आणि तराजू? तो एकीने मांडीवर धरला होता. काहींनी तर भानगडच ठेवली नव्हती; ढीग लावलेले, ढिगाचा भाव.

आई जन्मात कधी होडीत बसली नव्हती. ऋणमोचनला पूर्णेत उतरायची ती गुडघाभर पाण्यात. इथे तिने एक पाय ठेवला, होडी हलली, तिने "पांडुरंगा!" म्हटले आणि बसली. एकदा बसल्यावर मात्र आमच्याहून निवांत. कालव्याकाठची घरे पाहत चालली होती. प्रत्येक घराच्या ओसरीवर तपकिरी रंगाचे, पिवळ्या नक्षीचे चार-सहा मोठे रांजण ओळीने मांडलेले. रातचबुरीचे हे रांजण प्रसिद्ध आहेत. त्यांवर सर्पासारखा लांब ड्रॅगन काढलेला असतो.

"काहून रे बापू, दारात इतलं पाणी अन् रांजण कायले भरून ठेवले?" आईने विचारले आणि मी विद्यार्थ्याकडे वळेपर्यंत तिनेच उत्तर दिले. "प्याचं नसन थे. खारं-मचूळ असन. पावसाचं धरून ठेवत असतीन."

विद्यार्थ्याने मान डोलावली. छपराचे पावसाचे पाणी पन्हळीने रांजणात धरायचे आणि तेच वर्षभर प्यायचे, अशी इथली जुनी रीत. आईने हात जोडून त्या ओसरीला नमस्कार केला की काय असे मला वाटले, पण तिने नुसता पदर सावरला. नंतर म्हणाली, "तुये आजोबा एक रांजण आनणार होते. राह्यलंच."

मग बाजार. पपनसाचा भाव विक्रेत्या आजीबाईंनी बोटांनी सांगितला. मी पाकीट काढले तशी आईने माझा हात धरला आणि स्वतः दोन बोटे कमी दाखवली. आजीबाईंनी मान हलवली, एक बोट कमी केले. आईने पपनस उचलून वजन घेतले, वास घेतला, तोंड वाकडे केले, परत ठेवले. आजीबाईंनी दुसरे दिले. असे पाच मिनिटे चालले. एकीला मराठी येत नव्हते, दुसरीला थाई. आणि दोघी आपापल्या भाषेत अखंड बोलत होत्या. शेवटी सौदा पटला तेव्हा दोघींच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता.

मला राहवले नाही. "आई, दहा-वीस रुपयांसाठी कशाला गरीब बाईला त्रास?"

"तुले समजत नाही," ती म्हणाली. "भाव न करता घेतलं तं दुकानदार रातभर तळमळते. त्याले वाटते, आपूण कमी सांगतला."

एवढ्यात आजीबाईंनी मूठभर लसूण उचलला आणि आईच्या ओटीत टाकला. वरचा. फुकटचा. आई हसली, आणि तो लसूण चिमटीत फिरवीत सहज म्हणाली, "तुये बाबा बी असंच करत. थ्या दिवशी तुया दोस्ताले वर मूठभर देल्ला होता."

होडी संथ चालली होती. माझ्या पोटात काहीतरी हलले ते होडीमुळे नव्हे.

तो दिवस मी पंचवीस-तीस वर्षे कोणाला सांगितला नव्हता. मी अमरावतीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि वसतिगृहात राहत होतो. मित्रांत कविता वाचायच्या, बोलीतले 'हाय' सोडून 'आहे' म्हणायचे. एका मित्राच्या गावी त्याच्या बहिणीच्या लग्नाला चौघे गेलो. त्या दिवशी तिथे बाजार होता हे माझ्या ध्यानात नव्हते. मांडवात लसूण कमी पडला म्हणून आम्हाला धाडले, आणि मित्र ज्या दुकानापुढे उभा राहिला ते बाबांचे होते. पोत्यावर मांडी घालून बसलेले, डोक्याला पंचा, मिरचीने डोळे लाल. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बाजूच्या कापडवाल्याच्या चादरी पाहू लागलो.

"या साहेब," बाबा मित्राला म्हणाले. भाव सांगितला, तोलून दिला, पैसे घेतले, वर मूठभर घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमाले काई, साहेब?" मी मान हलवली. आम्ही निघालो.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पुढे एम.ए. झालो, नोकरी लागली, त्यांनी बाजार सोडला, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. माझा समज असा की ही गोष्ट जगात आता एकट्या मलाच ठाऊक आहे.

"तुला कोणी सांगितले?" मी आईला विचारले.

"त्याइनंच. रातच्याले आले, हातपाय धुतले अन् म्हणते कसे, आज बापू भेटला होता बाजारात. चांगले दोस्त हायत त्याचे. म्या ओळख देल्ली नाही. पोराले उगाच चार लोकाइत लाजल्यावानी झालं असतं."

"बाबा असे म्हणाले? मी नाही, त्यांनी ओळख दिली नाही?"

"हो. म्या रागावली त्याइले. म्हटलं, लेकराले तोंडभर बोलले असते तं काय झालं असतं?"

सौ. आणि चिरंजीव पुढच्या होडीतल्या आप्प्यांत गुंतले होते. वल्हे मारणाऱ्या बाईने एक माडाची झावळी हाताने बाजूला सारली आणि होडी दुसऱ्या फाट्यात वळवली. मी बराच वेळ पाण्याकडे पाहत बसलो. मग विचारले, "मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणतीन?" आई लसणाची टरफले पाण्यात टाकीत म्हणाली. "जेवले अन् झोपले. सकाऊन बाजार होता ना." मग तिने पपनस माझ्यापुढे धरले. "सोल. बारस हाय, पारणं कराचं राह्यलं."